‘फक्त महिला उमेदवार’: कारागृह भरतीतली ही ओळ कशी वाचायची आणि पटली नाही तर काय करायचं

मागच्या कारागृह शिपाई भरतीची जाहिरात मोबाइलवर आली त्या संध्याकाळी आमच्या अभ्यासिकेत कोणी पुस्तक उघडलंच नाही. दारव्ह्याकडचा एक पोरगा, पहाटे साडेचारला उठून शाळेच्या मैदानावर सोळाशे मीटर मारणारा, तक्त्यातला महिलांचा रकाना बोटाने मोजत बसला होता. मोजून झाल्यावर म्हणाला, "मॅडम, पोट्ट्याईनं सरकारचं काय घोडं मारलं? मेहनत त आमी बी करतो ना." मागच्या बाकावरून एकीने तिथल्या तिथे परतवलं, "मंग तू जाशील का रातच्याला बायाईच्या बरॅकीत पहारा द्याले?" सगळे हसले. पोरगा गप्प झाला, पण त्याचं समाधान झालेलं नव्हतं. व्हायलाही नको होतं, कारण तो आरक्षणाबद्दल बोलत होता आणि ती कामाबद्दल. जाहिरातीत या दोन्ही गोष्टी एकाच शब्दाने लिहिलेल्या असतात, म्हणून ही भांडणं दर भरतीला होतात.

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. विधी सेवा प्राधिकरणाच्या कामासाठी कारागृहाच्या महिला विभागात जाणं होतं, आणि संध्याकाळी या पोरापोरींना राज्यघटना शिकवते. दोन्हीकडे प्रश्न तोच येतो: लिंगावरून भेदभाव करायचा नाही असं घटनेत लिहिलंय, तर ‘फक्त बाई’ किंवा ‘फक्त पुरुष’ अशी नोकरी निघते कशी? खालचं सगळं मुख्यतः अर्ज भरणाऱ्यांसाठी आहे. शेवटी थोडं जाहिरात काढणाऱ्यांसाठीही लिहिलंय, कारण निम्मे घोळ तिथेच होतात.

पहिली पायरी: रकाना ओळखा

कारागृह भरतीच्या जाहिरातीत ‘महिला’ हा शब्द तीन वेगवेगळ्या अर्थांनी येतो. आधी ते वेगळे करा.

पहिला अर्थ समांतर आरक्षणाचा. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग हे तक्त्यातले उभे कप्पे. महिला, खेळाडू, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त हे त्या प्रत्येक कप्प्याला आडवे छेदणारे. समजा एखाद्या प्रवर्गात २० जागा आहेत, तर त्यातल्या ६ महिलांच्या. उभ्या-आडव्याची ही मांडणी सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात समजावून सांगितली. डिसेंबर २०२० च्या सौरव यादव निकालाने एक वाद मिटवला: खुल्या प्रवर्गातली महिलांची जागा ही कोणत्याही प्रवर्गातल्या मुलीला गुणवत्तेवर मिळू शकते. ओबीसी मुलीला ‘तुझी जागा तिकडे’ म्हणून खुल्या महिला जागेवरून उठवता येत नाही. आणखी एक: खुल्या प्रवर्गातल्या महिला जागेसाठी लागणारी नॉन-क्रिमिलेअर दाखल्याची अट राज्याने २०२३ मध्ये काढून टाकली. तरी आजही सेतू केंद्रासमोर त्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या पोरी मला भेटतात. मागास प्रवर्गातून अर्ज करत असाल तर तुमच्या प्रवर्गाला हा दाखला लागतो का, हे मात्र जाहिरातीत नीट पाहा.

दुसरा अर्थ कामाचा. काही कामं बाईनेच करायची असतात, म्हणून त्या जागेवर बाईच लागते. या लेखाचा खरा विषय हाच आहे.

तिसरा अर्थ मोजमापाचा. पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना उंची १६५ सेंटिमीटर, महिलांना १५५. मैदानात पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८००. मुलांना हाही अन्याय वाटतो. कायद्याच्या दृष्टीने तो तिसराच विषय आहे, त्याला पहिल्या दोघांत मिसळू नका.

पहिला आणि दुसरा अर्थ वेगळा करायला मी पोरांना एक सोपा प्रश्न शिकवते: पात्र बाई मिळालीच नाही तर ती जागा कोणाला जाते? समांतर आरक्षणाची जागा असेल तर जाहिरातीत लिहिलेलं असतं की महिला उमेदवार न मिळाल्यास ती त्याच प्रवर्गातल्या पुरुष उमेदवाराने भरली जाईल. म्हणजे काम पुरुषानेही चालणारं आहे, फक्त बायकांना वाटा मिळावा म्हणून जागा ठेवली. पण महिला विभागात रात्री झडती घेणारी जागा रिकामी राहिली म्हणून तिथे पुरुष पाठवता येत नाही. ती जागा रिकामीच राहील, किंवा दुसऱ्या कारागृहातून बाई आणावी लागेल. हा प्रश्न विचारला की दहापैकी नऊ वेळा उलगडा होतो.

दुसरी पायरी: सूट कायद्यात नेमकी कुठे आहे

काही देशांत भेदभावविरोधी कायदा एकच असतो आणि त्यातच अपवादाची सूट देणारं कलम असतं. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणात नोकरीतला लिंगभेद बंद केला, पण जिथे त्या कामासाठी विशिष्ट लिंगाची व्यक्ती असणं खरोखर आवश्यक आहे तिथे मोकळीक ठेवली. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात नवव्या परिशिष्टात तशीच तरतूद आहे. आपल्याकडे असा एक कायदा नाही. आपल्याकडची सूट तीन दारांनी आत येते.

पहिलं दार अनुच्छेद १६(२) मधला एक छोटा शब्द. सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास यांच्या ‘केवळ’ कारणावरून कोणाला अपात्र ठरवता येणार नाही, असं ते सांगतं. सगळी मारामारी या ‘केवळ’ वर होते. बाई आहे एवढ्यासाठी नाकारलं तर घटनाबाह्य. बाई असणं आणि त्या कामाचं स्वरूप मिळून काही अडतं असं सरकारने दाखवलं, तर कोर्ट ऐकून घेतं. पटतंच असं नाही.

दुसरं दार अनुच्छेद १५(३). महिला आणि बालकांसाठी विशेष तरतूद करायला राज्याला मोकळीक आहे. ही मोकळीक नोकऱ्यांनाही लागू होते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध पी. बी. विजयकुमार या निकालात सांगितलं. तिथेही ३० टक्क्यांचाच प्रश्न होता. आपल्या ३० टक्क्यांना आणि मैदानातल्या वेगळ्या मोजमापाला आधार या दाराचा. लक्षात घ्या, हे दार बायकांच्या बाजूने उघडतं. ‘फक्त पुरुष’ लिहिणाऱ्याला इथून आत येता येत नाही.

तिसरं दार म्हणजे ते काम बाईनेच करावं असं सांगणारा स्वतंत्र कायदा. तुरुंग अधिनियम १८९४ च्या कलम २४ मध्ये स्त्री बंदीची झडती मेट्रननेच, म्हणजे स्त्री बंद्यांवर नेमलेल्या महिला कर्मचारीनेच, घ्यावी असं होतं. कलम २७ मध्ये होतं की स्त्री बंद्यांना वेगळ्या इमारतीत किंवा त्याच इमारतीच्या वेगळ्या भागात असं ठेवावं की पुरुष बंद्यांशी पाहणं-बोलणंही होऊ नये. इंग्रजांच्या काळातलं हे सूत्र पुढच्या नियमावल्यांतही तसंच उतरत आलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, १ जुलै २०२४ पासून लागू झालेली, तीही कलम ४९ मध्ये सांगते की स्त्रीची झडती स्त्रीनेच, शालीनता पाळून घ्यायची. आणि १९८३ मध्ये शीला बारसे प्रकरणात, मुंबईच्या कोठड्यांतल्या बायकांबद्दल एका पत्रकार बाईने लिहिलेल्या पत्रावरून, सर्वोच्च न्यायालयाने स्त्री संशयितांच्या कोठडीवर महिला शिपायांचाच पहारा असावा असे निर्देश दिले. तिसऱ्या दाराने येणारी सूट सगळ्यांत पक्की, कारण तिथे सरकारला निवड उरतच नाही.

खासगी कंत्राटदाराकडची किंवा संस्थेची नोकरी असेल तर अनुच्छेद १६ लागत नाही. तिथे पूर्वी समान वेतन अधिनियम १९७६ होता. त्याची जागा आता वेतन संहितेने घेतली आहे. तिच्या कलम ३ प्रमाणे त्याच किंवा तशाच कामासाठी भरती करताना लिंगावरून भेद करता येत नाही. अपवाद एकच: त्या कामावर स्त्रियांना नेमण्यास दुसऱ्या एखाद्या कायद्याने मनाई किंवा निर्बंध असेल तर.

तिसरी पायरी: पदाचा नाही, कामाचा कागद करा

हीच पायरी लोक गाळतात, आणि निकाल इथेच लागतो.

विदर्भात नागपूर आणि अमरावती ही मध्यवर्ती कारागृहं, जोडीला यवतमाळ, अकोला, वर्धा, बुलढाणा, चंद्रपूर, भंडारा अशी जिल्हा कारागृहं, आणि मोर्शीचं खुलं कारागृह. भायखळा किंवा येरवड्यासारखं बायकांचं स्वतंत्र कारागृह म्हणावं तसं इकडचं चित्र नाही. मोठ्या भिंतीच्या आत अजून एक भिंत, तिला एक छोटं दार, आणि आत महिला विभाग. त्यामुळे एकाच आस्थापनेवरचे काही शिपाई आतल्या दारापलीकडे जातात, बाकीचे कधीच जात नाहीत. म्हणून ‘कारागृहात बाई हवी की पुरुष’ हा प्रश्नच चुकीचा. कोणत्या दाराच्या कोणत्या बाजूला, किती वाजता, काय करताना, हे विचारायचं.

मी स्वतः पहिल्यांदा आत गेले तेव्हा फाटकाजवळच्या खोलीत पडद्यामागे एका महिला शिपायाने माझी झडती घेतली. अंबाडा सोडायला लावला, चप्पल वाकवून पाहिली, पर्सचं अस्तर चिमटीत धरून चाचपलं. माझ्या पुढे दिग्रसकडून नवऱ्याच्या मुलाखतीला, म्हणजे आत असलेल्या नवऱ्याला भेटायला, आलेली एक बाई होती, कडेवर लेकरू. तिच्या पदराच्या गाठीत एसटीच्या परतीच्या भाड्याचे पैसे होते. शिपायाने गाठ सोडली, पाहिली आणि तशीच परत बांधून दिली. ते कारागृह भरलेलं होतं ते बहुतेक पुरुष बंद्यांनी. तरी त्या खोलीत बाईशिवाय काम चाललंच नसतं. जिथे एकही स्त्री बंदी नाही अशा कारागृहातही मुलाखतीला आया, बायका, बहिणी येतातच, हे जाहिरात वाचताना कोणाच्या ध्यानात येत नाही.

तर कागद घ्या आणि त्या पदाचे चोवीस तास लिहा. नवीन बंदी आत येतानाची झडती. सकाळची मोजणी. न्हाणीघराच्या बाजूचा पहारा. आजारी बंदीला दवाखान्यात नेणं. आईसोबत राहणारी लेकरं, कारण सहा वर्षांपर्यंतचं मूल आईबरोबर आत राहू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या आर. डी. उपाध्याय निकालापासून ठरलेलं आहे. संध्याकाळी कुलूप, रात्रीचा पहारा. मग दुसरीकडे: बाहेरच्या भिंतीवरचा पहारा, बुरूज, भांडारातली आवक-जावक, कोर्टाच्या तारखांची नोंद, संगणकावरची माहिती.

आता प्रत्येक कामासमोर तीन गोष्टी लिहा. यात अंगाला हात लागतो का? कपडे काढलेल्या किंवा झोपलेल्या माणसावर नजर पडते का? आणि तेवढ्या कामापुरतं दुसऱ्या कोणाला बोलावून भागतं का? पहिल्या दोनपैकी एकाचं उत्तर ‘हो’ आणि तिसऱ्याचं ‘नाही’ असेल, तर ‘फक्त महिला’ला आधार आहे. भांडाराच्या जागेवर तिन्ही प्रश्न कोरडे जातात. तिथे ‘फक्त महिला’ लिहिलं असेल किंवा ‘फक्त पुरुष’, दोन्ही डळमळीत.

ही पद्धत मी हवेतून काढलेली नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याने बायकांच्या तुरुंगांतली ११० पदं फक्त महिलांसाठी ठेवली, तेव्हा कर्मचाऱ्यांच्या युनियनने पुरुष कर्मचाऱ्यांच्या वतीने दावा लावला. २०१५ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने राज्याच्या बाजूने निकाल दिला, कारण राज्याने एकेका पदाचा अभ्यास करून, कोणत्या जागेवर झडती येते आणि कोणत्या जागेवर न्हाणीघर दिसतं, हे मांडलं होतं. त्याच अपील कोर्टाने पाच वर्षं आधी, २०१० मध्ये, नेवाडा राज्याला उलटं सांगितलं होतं. नेवाडाने बायकांच्या तुरुंगातली लेफ्टनंट दर्जाची तीन पदं फक्त महिलांना ठेवली होती. त्या अधिकाऱ्यांचं काम देखरेखीचं होतं. बायकांना उपजत समज असते, असलं काहीतरी कारण राज्याने दिलं. कोर्टाने ते ठोकळेबाज म्हणून फेटाळलं.

एक आंतरराष्ट्रीय नियम मात्र एका बाबतीत नेवाडाच्या निकालापेक्षा पुढे जातो. संयुक्त राष्ट्रांचे २०१५ चे नेल्सन मंडेला नियम, त्यातला नियम ८१ म्हणतो की महिला विभागाची जबाबदारी महिला अधिकाऱ्याकडे असावी, त्या विभागाच्या सगळ्या किल्ल्या तिच्याच ताब्यात असाव्यात, आणि पुरुष कर्मचारी आत जायचा तर सोबत महिला कर्मचारी हवी. मला हे योग्य वाटतं. ज्याच्या हातात किल्ली त्याच्या हातात रात्र, असं आतल्या बायकाच सांगतात. पण सगळ्या कारागृहाचा अधीक्षक पुरुष असो की बाई, त्याने फरक पडत नाही.

उलट बाजू: पुरुषांच्या कारागृहात बाई

या बाजूला कायद्याचा प्रवास जास्त वेडावाकडा आहे, आणि पोरींनी तो माहीत करून घ्यावा.

पंजाबात सरकारने आदेश काढला होता की पुरुषांच्या तुरुंगात कारकून आणि मेट्रन सोडून इतर पदांना स्त्रिया अपात्र. रघुबंस सौदागर सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने तो आदेश टिकवला. १९७२ च्या निकालसंग्रहात तो छापलेला आहे. सराईत गुन्हेगारांमध्ये बाईला काम करायला लावणं धोक्याचं, असा त्याचा सूर. कॉलेजच्या गाइडांतून तो निकाल अजून आयता उतरवला जातो, जणू त्यानंतर काही घडलंच नाही.

१९७७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात डोथर्ड विरुद्ध रॉलिन्सन हे प्रकरण आलं. अलाबामा राज्यात तुरुंग रक्षकासाठी किमान उंची ५ फूट २ इंच आणि किमान वजन १२० पौंड अशी अट होती. वजन कमी भरलं म्हणून एका तरुणीला नाकारलं होतं. कोर्टाने उंची-वजनाची अट रद्द केली, कारण त्या आकड्यांचा कामाशी संबंध राज्याला दाखवता आला नाही. पण अतिसुरक्षित पुरुष तुरुंगात बंद्यांच्या थेट संपर्कातल्या जागा पुरुषांसाठी ठेवायला मात्र परवानगी दिली, कारण अलाबामाचे तुरुंग तेव्हा इतके कोंबलेले आणि हिंसक होते. न्यायमूर्ती मार्शल यांनी असहमती नोंदवली: हल्ला बंदी करणार, आणि नोकरी बाईची जाणार, हा कुठला न्याय? हल्लेखोराला आवरा.

ती असहमती तीस वर्षांनी आपल्याकडे कामी आली. अनुज गर्ग विरुद्ध हॉटेल असोसिएशन ऑफ इंडिया, २००७. पंजाब उत्पादन शुल्क कायदा १९१४ च्या कलम ३० ने दारू दिली जाते अशा ठिकाणी बायकांना नोकरी बंद केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द ठरवलं, आणि ठरवताना डोथर्ड प्रकरणातल्या मार्शल यांच्या मताचाही विचार केला. संरक्षणाच्या नावाखाली बाईलाच बळी द्यायचं नाही, सुरक्षा देणं हे राज्याचं काम आहे, हा त्याचा गाभा. २०१४ मध्ये चारू खुराना प्रकरणात सिनेमाच्या मेकअप कलाकारांच्या संघटनेने बायकांना घातलेली बंदीही याच न्यायालयाने मोडून काढली.

म्हणून आज कोणी ‘पुरुष बंदी आहेत, म्हणून फक्त पुरुष’ एवढंच कारण दिलं तर ते १९७२ चं कारण आहे. पुरुष बंद्याची अंगझडती पुरुषाने घ्यावी, त्याच्या न्हाणीघराशी पुरुषाचा पहारा असावा, हे मान्य. खासगीपणा पुरुषालाही असतो. पण बुरूज, फाटक, कार्यालय, अधिकारीपद यांना ते लागू होत नाही. जुलै २०१५ मध्ये नागपूरच्या कारागृहात याकूब मेमनला फाशी झाली तेव्हा राज्याच्या कारागृह विभागाच्या प्रमुख मीरां चड्ढा बोरवणकर होत्या. त्यामुळे इथल्या कोणी मला ‘हे बाईचं काम नव्हे’ म्हटलं, की मी एवढंच नाव घेते.

डॉक्टर, शिक्षक, समुपदेशक

इथे सूट जवळजवळ लागत नाही. मंडेला नियम ८१ मध्येच स्पष्ट केलंय की पुरुष डॉक्टर आणि शिक्षक महिला विभागात आपलं काम करू शकतात. स्त्री बंदीने तपासणीसाठी महिला डॉक्टर मागितली तर तशी सोय करावी, एवढंच. समुपदेशकाची कंत्राटी जागा ‘फक्त महिला’ म्हणून निघाली, तर कामाचा कागद मागा: लैंगिक अत्याचार सोसलेल्या बायकांशी एकट्याने बोलायचं असेल तर कारण पटण्यासारखं आहे, शिवणकामाचे वर्ग आणि पॅरोलचे अर्ज भरून देणं असेल तर नाही.

तृतीयपंथी उमेदवार

डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथी उमेदवारांसाठी पर्याय ठेवायला सरकारला सांगितलं. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियमाचं कलम ९ नोकरीत भेदभाव करायला मनाई करतं. अर्जात पर्यायच दिसत नसेल तर चुकीचा रकाना भरून पुढे जाऊ नका. स्क्रीनशॉट काढा, तारखेसह जपून ठेवा, आणि लगेच लेखी तक्रार करा.

चौथी पायरी: पटलं नाही तर, क्रमाने

वेळ फार महत्त्वाची आहे, म्हणून आधी तेच. परीक्षा देऊन, नापास होऊन, मग जाहिरातीच्या अटीवर बोट ठेवलं तर कोर्ट साधारणपणे ऐकत नाही. भाग घेतलास म्हणजे अट मान्य केलीस, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या मदनलाल निकालात सांगितलं आणि तेव्हापासून ते सारखं वापरलं जातं. आमच्याच तालुक्यातली एक मुलगी हरकत मनात ठेवून मैदानात उतरली, दोन गुणांनी राहिली, आणि मग माझ्याकडे आली. तोपर्यंत मला फार काही करता आलं नाही. तेव्हा हरकत आधी, मैदान नंतर. अर्ज मात्र भरून ठेवा, हरकतीच्या भरवशावर मुदत घालवू नका.

पहिलं काम, एक पानाचं निवेदन. विदर्भातल्या कारागृहांसाठी ते कारागृह उपमहानिरीक्षक, पूर्व विभाग, नागपूर यांच्या नावे. जाहिरातीचा क्रमांक, पद, आक्षेप घेतलेली ओळ जशीच्या तशी, तुमचा कामाचा कागद, आणि मागणी काय ते एका वाक्यात. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. हाती देत असाल तर प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का नाही तर निवेदन दिलंच नाही, असं समजा.

त्याच दिवशी माहितीचा अर्ज. जोडपत्र ‘अ’, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तोही नाही. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर लागतो. ‘का’ विचारू नका. माहिती अधिकारात कागदावर असलेलंच मिळतं, कोणाचं मत मिळत नाही. असं मागा:

१. अमुक जाहिरातीतील अमुक पदाचे सेवाप्रवेश नियम, प्रमाणित प्रत.
२. सदर पद फक्त महिला / फक्त पुरुष उमेदवारांकरिता ठेवण्याबाबतचा शासन निर्णय अथवा मंजूर टिपणी, प्रत.
३. सदर पदाची कर्तव्यसूची, प्रत.
४. महिला विभागातील मंजूर व भरलेल्या महिला पदांची कारागृहनिहाय संख्या.

उत्तर ३० दिवसांत यायला हवं. न आल्यास किंवा अर्धवट आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, जोडपत्र ‘ब’, २० रुपयांचा स्टॅम्प. तिथेही काम झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. दुसऱ्या मुद्द्यावर ‘अशी टिपणी उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर नाराज होऊ नका. कारण न लिहिता अट घातली, याचा तोच सगळ्यांत चांगला पुरावा.

तिसरं, वकील. पैसे नाहीत म्हणून कोणी थांबू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांनाही तसाच; इतर मुलांना उत्पन्नाची मर्यादा आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं कार्यालय असतं, हेल्पलाइन १५१००.

चौथं, मॅट. राज्य सरकारच्या नोकरीचा वाद थेट उच्च न्यायालयात न्यायचा नसतो. आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, आपल्यासाठी नागपूर खंडपीठात. १९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियमाच्या कलम १९ खाली मूळ अर्ज करायचा. मुदत एक वर्षाची. निवेदनाला उत्तरच आलं नाही तर सहा महिने वाट पाहून त्यापुढे एक वर्ष. पण भरतीत वर्षभर थांबणं म्हणजे नेमणुका होऊन गेल्यावर जाणं. जाहिरातीची मुदत संपायच्या आत गेलात तर न्यायाधिकरण एखादी जागा रिकामी ठेवायला सांगू शकतं. नंतर ज्यांच्या नेमणुका झाल्या त्यांनाही पक्षकार करावं लागतं आणि प्रकरण लांबतं. स्वतः उभं राहून बाजू मांडायचीही सोय आहे, तरी मी वकील घ्या म्हणेन, माझा धंदा आहे म्हणून नव्हे, तर अर्जातली मागणी चुकीची लिहिली की सगळंच हुकतं. मॅटच्या निकालावर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जाता येतं.

सोबत नेण्याच्या कागदांत लोक हमखास विसरतात ते म्हणजे जाहिरातीची मूळ पीडीएफ. शुद्धिपत्रक निघालं की संकेतस्थळावरची जुनी प्रत गायब होते. आली त्याच दिवशी उतरवून ठेवा, आणि झेरॉक्सही काढा. मोबाइल पाण्यात पडतात, विशेषतः आमच्या पोरांचे.

जाहिरात काढणाऱ्यांसाठी

कारागृहात प्रशिक्षण, पुनर्वसन, बालवाडी चालवणाऱ्या संस्था आणि मनुष्यबळ पुरवणारे कंत्राटदार ‘फक्त महिला उमेदवारांनी अर्ज करावा’ अशी ओळ सवयीने टाकतात. मागच्या वर्षी एका संस्थेच्या सचिवांनी मसुदा दाखवायला आणला. लेखापाल, शिवण शिक्षक, बालवाडी सेविका, रात्रपाळीची काळजीवाहक, सगळ्यांपुढे ‘महिला’. मी विचारलं, लेखापाल काहून बाई पाहिजे? म्हणाले, "मॅडम, बायाईचं काम आहे ना संस्थेचं."

आम्ही चारही पदांचा कागद केला. लेखापालाची आणि शिवण शिक्षकाची अट गेली. बालवाडी सेविका महिला विभागाच्या आतच काम करणार होती, पण दिवसा आणि महिला शिपायांच्या देखत. तिथे अट काढून ‘महिलांना प्राधान्य’ लिहिलं. राहिली रात्रपाळी. तिथे ओळ अशी झाली: ‘या पदावर स्त्री बंदी व त्यांच्या बालकांच्या निवासात रात्री उपस्थित राहावे लागत असल्याने हे पद महिला उमेदवारांकरिता आहे.’ कारण जाहिरातीतच छापलं. सचिवांना ओळ लांब वाटली, पण छापली त्यांनी.